मिरवणुकीतील जागा



या व्याख्यानमालेत माझ्याआधी विद्वान वक्त्यांनी इतिहास, साहित्य, विज्ञान असे मोठमोठे विषय मांडले. मी शाळेत सातवीपर्यंत गेलेला माणूस. पुढचे जे काही शिकलो, ते वाचनालयात आणि बिडी कामगारांच्या संघटनेत. म्हणून मी विषयही रस्त्यावरचाच घेतला आहे. १४ एप्रिलची मिरवणूक गोंदियात आपण सर्वांनी पाहिलेली आहे. परंतु रस्त्याच्या कडेला उभे राहणाऱ्याला जे दिसते, ते एका संध्याकाळचे असते. त्यामागे दोन महिन्यांची खटपट असते. ती खटपट कशी चालते आणि तिच्यात कोणते प्रश्न गुंतलेले असतात, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक प्रश्न. माणसे मिरवणूक काढतात तरी कशासाठी? केवळ हौस म्हणून नव्हे. ज्या समाजाला गावच्या रस्त्याने ताठ मानेने चालण्याची मनाई होती, ज्याच्या नवरदेवाला घोड्यावरून खाली उतरविले जात होते, त्या समाजाला रस्त्याच्या मधोमध चालणे हीच एक मागणी होती. महाडला २० मार्च १९२७ रोजी लोक रांगा करून चवदार तळ्याकडे निघाले, तेव्हा तळ्याचे पाणी जेवढे महत्त्वाचे होते, तेवढेच तिथवरचे चालणेही महत्त्वाचे होते. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू झाला, त्याचाही आरंभ मिरवणुकीनेच झाला. या दोहोंच्या मध्ये, १४ एप्रिल १९२८ रोजी, जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात बाबासाहेबांची पहिली जयंती साजरी केली. तेव्हा बाबासाहेब सदतीस वर्षांचे होते. जयंतीची मिरवणूक ही अशी चळवळीच्या पोटी जन्माला आलेली आहे.

आपल्या भागाचे या चळवळीशी नाते जुने आहे. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) बिडी कामगारांचे संघटक होते आणि १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले होते. म्हणजे ज्या शब्दाने आपण एकमेकांना नमस्कार करतो, त्या शब्दाला तेंदूपत्त्याचा वास आहे. १९५४ साली भंडारा मतदारसंघातील पोटनिवडणुकीस स्वतः बाबासाहेब उभे राहिले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. आज त्यांच्या तसबिरीपुढे फुले वाहणाऱ्यांनी ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

आता तयारीकडे वळू. फेब्रुवारी संपता संपता वॉर्डावॉर्डांत बैठका सुरू होतात. पहिला विषय वर्गणीचा. पावतीपुस्तके छापतात, घरोघर फिरतात. सार्वजनिक वर्गणी गोळा करावयाची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नंतर पोलीस ठाणे. मार्ग, वेळ, वाहनांची संख्या, जबाबदार माणसांची नावे, हे सारे लिहून द्यावे लागते. मिरवणुकांचे नियमन करण्याचे अधिकार पोलिसांना १९५१ च्या कायद्याने दिलेले आहेत, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. खास परवानगी असेल तर गोष्ट निराळी. हे दहा वाजणे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

त्यानंतर चित्ररथ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबूचा सांगाडा उभा राहतो. बांबू आपल्या जिल्ह्यात मुबलक. बांधणारे हात बुरडांचे आणि सुतारांचे. रथ किती उंच करावा, हे कारागिराच्या मनावर नसते, रस्त्यावरील विजेच्या तारांवर असते. म्हणून जाणती मंडळी रथाच्या उंचीचा एक बांबू घेऊन आधी सारा मार्ग पायी फिरून येतात. तार कोठे खाली लोंबते, फांदी कोठे आडवी येते, वळण कोठे अरुंद आहे, हे टिपून घेतात. एप्रिलचे ऊन चाळीस अंशांच्या पुढे जाते. म्हणून पाण्याची सोय, मठ्ठा, लहान मुलांसाठी सावली आणि एखादी रुग्णवाहिका यांची तजवीज करावी लागते. लेझीमची मुले महिनाभर संध्याकाळी मैदानावर सराव करतात. बाया पांढऱ्या साड्या धुऊन, इस्त्री करून ठेवतात. राइस मिलमधले हमाल त्या दिवशीची हजेरी सोडून येतात. ज्याचे पोट रोजच्या कामावर, त्याने एक दिवस सोडणे ही लहान वर्गणी नव्हे.

परंतु सर्वांत कठीण बैठक शेवटची असते. ती म्हणजे क्रमाची. कोणते पथक पुढे, कोणते मागे? वर्गणीवरून कधी फारसे भांडण होत नाही. क्रमावरून हटकून होते. यात नुसता मान नाही, हिशेबही आहे. समजा पंचवीस पथके आहेत आणि प्रत्येक पथक मुख्य चौकात नाचण्यासाठी दहा मिनिटे थांबते. शेवटच्या पथकाच्या पुढे चोवीस पथके, म्हणजे २४० मिनिटे. पुरे चार तास! हे झाले एका चौकाचे. मिरवणूक सहाला निघाली असेल, तर शेवटचे पथक चौकात येते तेव्हा दहा वाजलेले असतात आणि ध्वनिक्षेपक बंद होतो. ज्याला शेवटची जागा दिली, त्याला वस्तुतः मिरवणूकच दिली नाही.

हा हिशेब मला कागदावर सुचला नाही. एका वर्षी मीच क्रम लावणाऱ्या समितीत होतो. मोठ्या आवाजाची वाहने तरुण मंडळांची. ती पुढे दिली, कारण तीच सर्वांत जास्त भांडत होती. आमच्या बिडी कामगार बायांचे पथक शांत. त्यांना शेवटी ठेवले. त्यांनी काही तक्रार केली नाही. रात्री दहा वाजले तेव्हा त्या मुख्य चौकाच्या पुष्कळ अलीकडेच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माल द्यायचा होता. मुलांना कडेवर घेऊन त्या तेथूनच परत गेल्या. दोन दिवसांनी त्यांच्यातील एक वयस्क बाई मला म्हणाली, "भाऊ, सट्टेदार आमच्या बिड्या छाटते. तुम्ही तं आमालेच छाटलं."

ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाई हजार बिड्या वळून नेते, त्यांतून काही 'खराब' म्हणून बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. या छाटीविरुद्ध मी उभे आयुष्य भाषणे केली. माझी आईही बिड्याच वळत होती. आणि क्रम लावताना मी सट्टेदाराचेच काम केले! मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असे नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात आयरिश लोक आपल्या संत पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला, मिरवणूक काढतात. तिचा आरंभ १७६२ सालचा, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीचा. पुढे दुष्काळाने देशोधडीला लागलेले लाखो आयरिश मजूर तेथे आले. त्यांना हिणवले गेले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. त्या लोकांनी वर्षातून एक दिवस शहराचा मोठा रस्ता आपला केला. आयर्लंडमधील एकेका परगण्याचे मंडळ, मजूर संघटना, पोलीस आणि अग्निशामक दलाची वाद्यपथके, असे सारे आपापल्या फलकामागे चालतात. त्या मिरवणुकीत मोटारींवरचे चित्ररथ नसतात. सारी माणसे पायी. आपल्या मंडळांनी विचार करावा असा हा रिवाज आहे. परंतु त्याच समाजातील समलिंगी स्त्री-पुरुषांनी १९९० नंतर आपला फलक घेऊन चालण्याची मागणी केली, तेव्हा त्यांना नकार मिळाला. असे पहिले पथक तेथे चालले ते २०१५ साली. ज्यांना एकदा रस्त्याच्या कडेला लोटले गेले, त्यांनीच पुढे आपल्यांतील काहींना कडेला लोटले. सातासमुद्रापलीकडची ही गोष्ट वाचली, तेव्हा मला त्या बाईचे वाक्य आठवले.

मग उपाय काय? आम्ही तीन साध्या गोष्टी केल्या. पहिली, क्रम दरवर्षी उलटा करावयाचा. यंदा जो शेवटी, तो पुढल्या वर्षी पहिला. दुसरी, चौकात थांबण्याची वेळ दोन मिनिटे, आणि घड्याळ हातात घेऊन उभा राहणारा स्वयंसेवक त्याच पथकाचा नसावा. तिसरी, जमाखर्चाचा कागद आठ दिवसांत वस्तीच्या भिंतीवर लावावयाचा. त्यात आवाजाच्या भाड्यावर किती गेले आणि पुस्तकांवर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावयाचे. पहिल्या वर्षी ते आकडे वाचून आमचेच लोक गप्प झाले. दुसऱ्या वर्षी आवाजाचा आकडा खाली आला. क्रमाची भांडणे मात्र थांबली नाहीत, हेही प्रांजळपणे सांगतो. पण आता ती भांडणे बायांच्या समोर होतात, कारण त्या बैठकीला बसतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कामाचे तास, स्त्री कामगारांचे हक्क, यांचा विचार त्यांनी त्या खुर्चीवर बसून केला. त्यांच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकीत कष्टकरी स्त्री शेवटी उभी असेल, तर रथ कितीही उंच असो, आपण त्यांना नीट वाचलेले नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. येत्या १४ एप्रिलला आपण रस्त्याच्या कडेला उभे राहाल. पहिले पथक गेले की टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. शेवटचे पथक येईपर्यंत थांबा. ते किती वाजता आले आणि त्यात कोण होते, हे पाहा, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा समितीवाल्यांना त्याचा जाब विचारा. जयभीम.