बाळंतिणीच्या उदासीचे आकडे

भारतात 100 बाळंतिणींमागे साधारण 22 जणींना प्रसूतीनंतरचं नैराश्य येतं. 38 अभ्यासांतल्या 20,043 स्त्रियांची माहिती एकत्र करून काढलेला हा अंदाज 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला.

यात वाढलेल्या वजनाचा वाटा किती? 62 अभ्यासांच्या 2014च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात हे प्रमाण बेताच्या वजनाच्या स्त्रियांत सुमारे 10 टक्के, जास्त वजनाच्यांत 12 आणि लठ्ठ स्त्रियांत 13 टक्के निघालं. फरक आहे, पण थोडा. महाराष्ट्रात 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 23.4 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या होत्या, तर 20.8 टक्के कृश. तेव्हा डिंकाच्या लाडवांवर खापर फोडण्याआधी दुसरीकडे पाहिलेलं बरं.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 270 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष 2002 साली छापून आले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के जणी नैराश्यात होत्या. त्यांतल्या 78 टक्के गरोदरपणीच मनानं खचलेल्या, आणि निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही सावरलेल्या नव्हत्या. मोठी कारणं दोन: गरिबी आणि नवऱ्याशी न पटणं. घरात मारहाण किंवा उपासमार असेल आणि त्यात मुलगी झाली, तर धोका आणखी वाढतो.

हे शेवटचं आपल्या दोन जिल्ह्यांना झोंबायला हवं. 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे साताऱ्यात 895 मुली होत्या, सांगलीत 867. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकुशी' म्हणून वाढलेल्या 285 मुलींना नवी नावं दिली गेली. 2017 साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पुरलेले 19 भ्रूण सापडले. नकुशींची मोजदाद झाली. त्यांच्या आयांची विचारपूस कुणी केली?

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येतात, झोळीच्या काट्यावर बाळ तोलतात, ताप बघतात. त्यातल्या एखाद्या फेरीत हे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिंबरा प्रश्नावलीतले दहा प्रश्न सहज बसतील: हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त ते सासूबाईंसमोर करू नये.

तोवर घरच्यांनी एक नंबर लिहून ठेवावा: टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.