अंगठ्याची पेशी कमरेत राहते

साखरेचा आजार जुना झाला की पायाला मुंग्या येतात. चप्पल निसटली तरी कळत नाही. खरे तर अंगठ्याची जाणीव नेणाऱ्या मज्जापेशीचे मुख्य घर कमरेजवळ, मणक्याच्या बाजूला असते. तिचा केसाहून बारीक तंतू तिथून जवळजवळ एक मीटर खाली अंगठ्यापर्यंत जातो. मग ‘वाढ, जग’ हा निरोप तिला मिळतो कुठे? कमरेत की टोकाला?

असा निरोप देणारे एक द्रव्य, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी शोधले. इटलीत १९३८ च्या वंशकायद्याने ज्यू म्हणून विद्यापीठाचे दार बंद झाले, तेव्हा बाईंनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम केले. (जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या घरांत समजावून सांगायला नको.) हे द्रव्य पुढे अमेरिकेत हाती लागले. १९८६ साली त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना नोबेल मिळाले.

पण साध्या बशीत पेशी वाढवल्या तर द्रव्य सगळीकडे पसरते. ते नेमके कुठे लागू पडले, कसे ओळखणार? १९७७ मध्ये रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी युक्ती केली. बशीच्या तळावर कोलॅजनचा थर दिला, त्यावर समांतर ओरखडे काढले, वर टेफ्लॉनची चौकट सिलिकॉन ग्रीसने बसवून तीन कप्पे केले. ग्रीसमुळे पाणी इकडचे तिकडे जात नाही. तंतू मात्र ओरखड्यांच्या वाटेने ग्रीसखालून पलीकडे सरकतात. मधल्या कप्प्यात नवजात उंदरांच्या मज्जापेशी ठेवल्या.

ज्या कप्प्यात द्रव्य, तिकडेच तंतू गेले. तिथले द्रव्य काढले तर तंतूंची वाढ थांबली, मधल्या कप्प्यात ते असले तरीही. उलट मधले काढून टोकाशी ठेवले, तर बहुतेक पेशी जगल्या. म्हणजे टोकाला मिळालेला निरोप घरापर्यंत पोचतो. आता हेच काम बारीक नळ्या कोरलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर होते.

मधुमेहींना हेच द्रव्य टोचून पाहिले. मोठ्या चाचणीत गुण आला नाही. डोळ्याच्या बुबुळावरची जाणीव गेली तर त्याचे थेंब मात्र चालतात, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पायाच्या जखमेवर लावायचे जेल वेगळ्या ग्रोथ फॅक्टरचे असते. जखम साफ केल्यावर आणि पायात रक्त नीट पोचते हे डॉक्टरांनी तपासल्यावरच ते लावायचे. तोवर महागड्या ट्यूबवर पैसे घालू नका, आणि तळवे रोज आरशात बघा.