‘हळद लागली का रं?’

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळद काढायला सुरुवात होते. कंद उकरायचे, शिजवायचे, वाळत घालायचे. सुट्टीच्या दिवशी घरातलं शाळकरी पोरही या कामात हात घालतंच. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे हात कितीही धुवा, नखांच्या कडा पिवळ्याच राहतात. असे हात घेऊन नववीतला मुलगा सोमवारी वर्गात आला, की मागच्या बाकावरून आवाज येणार, ‘काय रं, हळद लागली का?’

पहिल्या दिवशी तोही हसतो. विनोद चांगलाच आहे. पण मागच्या बाकावरची चौघं तोच प्रश्न रोज विचारू लागतात. डबा खाताना, हजेरीत नाव आल्यावर, फळ्यापाशी गेल्यावर. पंधरा दिवसांत त्याचं नाव ‘नवरदेव’ पडतं आणि मग तो मागच्या दाराने वर्गात यायला लागतो.

यातली चेष्टा कुठे संपली? स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७०च्या दशकात शाळकरी मुलांच्या छळाचा पहिला मोठा अभ्यास केला. त्यांच्या व्याख्येत तीन खुणा आहेत: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि ताकदीतली तफावत. चार जण एकीकडे आणि एक जण दुसरीकडे, ही तफावतच. मराठीत खोडी, टिंगल, टर, दादागिरी, छळ असे शब्द भरपूर आहेत. मोठी माणसं मात्र त्यातला सगळ्यात हलका शब्द उचलतात आणि म्हणतात, ‘पोरं आहेत, चिडवणारच.’

मुलींमध्ये हा प्रकार अनेकदा आवाजही न करता चालतो. शाळेला जाणाऱ्या एसटीत शेजारची सीट रिकामी दिसते. बसायला जावं तर तिथे दप्तर ठेवलं जातं, ‘जागा धरलीय.’ दुसऱ्या सीटवरही तेच. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. तक्रार करायची तरी काय?

नेमकी हीच गोष्ट २००३ मध्ये अमेरिकेत नाओमी आयझनबर्गर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनरमध्ये तपासली. पडद्यावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ, खेळाडू तीन. थोड्या वेळाने बाकीचे दोघं स्कॅनरमधल्या माणसाकडे चेंडू टाकणंच बंद करतात. (ते दोघं खरे नसतात, संगणकच खेळत असतो.) तेवढ्याने मेंदूचा एक भाग चेतवला गेला, जो शरीराला दुखतं तेव्हाही चेतवला जातो. हा भाग इतर कारणांनीही चेतवला जातो, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. ‘वाळीत टाकणं आणि हाड मोडणं सारखंच’ असं त्यावरून कोणी म्हणू नये. पण एका क्षुल्लक खेळातलं डावलणंही मेंदू सोडून देत नाही, एवढं नक्की. किशोरवयात तर बरोबरीच्यांच्या मताला सर्वाधिक वजन असतं.

जखम किती टिकते? ब्रिटनमध्ये १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा होत आला आहे. त्यातल्या सुमारे पावणेआठ हजार जणांची माहिती २०१४ मध्ये तपासली गेली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीलाही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं.

मग सावरतात ती मुलं कशाने? शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेला मुद्दा आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो: ताण आला की ‘आपल्या बाजूने कोणीतरी आहे’ ही जाणीव त्याची धार कमी करते. इथे हिंगोलीची अडचण सुरू होते. दिवाळी झाली की उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पोर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. संध्याकाळी आजी विचारते, ‘काय झालं रं?’ ते म्हणतं, ‘काय नाय.’ आई असती तर तिने आवाजावरून ओळखलं असतं. ती फडात आहे, आणि फोनवर आवाज तुटतो.

दुसरा आधार वर्गातच बसलेला असतो. टोरांटोतल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात (२००१) छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगी इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती पाचातल्या एकाच प्रसंगात. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. ‘ए, बास की आता,’ म्हणायला तेवढाच वेळ लागतो. छळणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात, हे धरूनच फिनलंडने ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम बेतला.

आपल्याला जास्त जवळचा प्रयोग बिहारचा. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ कार्यक्रम राबवला. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. भित्तिपत्रक, चिठ्ठ्यांची पेटी, स्पर्धा, एकेकट्याशी बोलणं, एवढंच साहित्य. काही शाळांत हे काम शिक्षकाकडे दिलं, काहींत बाहेरून नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या ‘सेहर मित्रा’कडे. मित्राच्या शाळांत छळ कमी झाला, नैराश्याची लक्षणंही कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच बदललं नाही.

यात शिक्षकांचा दोष काढायचं कारण नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचे हिशेब सांभाळून त्यांनी समुपदेशकही व्हायचं? शिवाय गुण आणि छडी ज्याच्या हातात, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही. तक्रारपेटी महाराष्ट्रातल्या शाळांना २०१७ पासून सक्तीची आहे. पण चिठ्ठी कोण उघडणार, हे पोराला माहीत असतं. त्या माणसावर विश्वास नसेल, तर पेटी रिकामीच राहणार.

म्हणून हिंगोलीतल्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एक विनंती. गावातली शिकलेली एखादी ताई किंवा दादा, जे वर्गावर शिकवत नाहीत, त्यांना आठवड्यातून दोन दुपारी शाळेत बसवा. पेटीची किल्ली त्यांच्याकडे द्या. गंभीर काही निघालं तर ते कोणाला कळवायचं, तेही आधीच ठरवून द्या. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं कोण, हे हजेरीपटावरून कळतंच. सुरुवात त्यांच्यापासून करा.

आणि वाचणाऱ्या मुलामुलींसाठी मदतीचे दोन फोन नंबर: ‘टेलिमानस’ १४४१६, चाइल्डलाइन १०९८. दोन्ही मोफत आहेत, चोवीस तास चालतात. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.