छातीतल्या ग्रंथीत इन्शुलिन कशाला?

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या रुग्णांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. छातीची शस्त्रक्रिया करताना ज्या प्रौढांची थायमस ग्रंथी काढली होती, त्यांच्यापैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. ग्रंथी शाबूत राहिलेल्यांत हेच प्रमाण २.८ टक्के होतं. मोठेपणी निरुपयोगी मानलेल्या या ग्रंथीच्या मागे मी लागलो तो तेव्हापासून.

तिचं महत्त्व कळलंच मुळी उशिरा. १९६१ मध्ये लंडनला जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, तेव्हा परक्या उंदराची कातडीही त्यांच्या अंगावर टिकून राहिली; परकं नाकारणारी प्रतिकारशक्तीच उरली नव्हती.

अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी थायमसमध्ये टी पेशी, म्हणजे परकं ओळखणाऱ्या प्रतिकारपेशी, होतात. प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे कसेही जुळवून आपला ग्राही घडवते. प्रथिनांचे तुकडे पेशीवर मांडून दाखवणाऱ्या शरीराच्या एमएचसी रेणूंशी तो हलकेच जुळला तरच पेशी जगते. न जुळणाऱ्या बहुसंख्य पेशी तीन-चार दिवसांत मरतात.

वाचलेल्या पेशी आतल्या गाभ्यात शिरतात. तिथे शरीराचंच प्रथिन घट्ट धरणारी पेशी बहुधा मारली जाते, थोड्या पेशी नियंत्रक टी पेशी होतात. पण इन्शुलिन तर स्वादुपिंडात तयार होतं, ते इथे दाखवणार कोण? गाभ्यातल्या उपकला पेशी! 'आयर' या प्रथिनाच्या जोरावर त्या इतर अवयवांची हजारो जनुकं थोडी थोडी चालू करतात. एकेक पेशी त्यातली मोजकीच चालवते, सगळ्या मिळून जवळजवळ अख्खं शरीर तिथे हजर करतात. जीवशास्त्रात याहून विलक्षण काम मला ठाऊक नाही.

आयरचं जनुक बिघडलं तर टी पेशी पॅराथायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथींवरच तुटून पडतात. फिनलंड आणि सार्डिनियात हा विकार तुलनेने जास्त आढळतो.

निरोगी माणसाची थायमसही वयाबरोबर आक्रसते, तिच्या जागी चरबी साठते. नव्या टी पेशी कमी होत जातात आणि जुन्याच विभागून संख्या राखतात. म्हातारपणी नवा विषाणू जड जातो त्याचं हे एक कारण.

काही बाळं तर थायमसविनाच जन्मतात. त्यांच्यासाठीच्या उपचाराला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. हृदयशस्त्रक्रियेत दुसऱ्या बाळाची काढावी लागलेली थायमस प्रयोगशाळेत जोपासून तिचे काप मांडीच्या स्नायूत बसवतात. पुरेशा टी पेशी तयार व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. तोवर साधा संसर्गही जिवावर बेततो, आणि काही बाळं तेवढा काळ तग धरत नाहीत.