निफाडची थंडी आणि तिचा जमाखर्च

थंडी वाढली कीं आमच्या निफाड तालुक्यांतील द्राक्षबागाईतदाराच्या पोटांत गोळा उठतो. सन २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीस पारा दोन अंशांच्या आसपास उतरला, तेव्हां पानांवरचें दंव गोठलें. परंतु ह्याच थंडीवर आपलें किती उत्पन्न उभें आहे, ह्याचा हिशेब आपण क्वचितच मांडतों.

गव्हाचेंच पाहा. सुरुवातीचे दिवस थंड गेले तर फुटवे वाढतात व दाणा भरण्यास अवधि मिळतो. हिंवाळा ऊबदार गेला कीं ओंबी लवकर निसवते व दाणा बारीक राहतो. कुंदेवाडीस गव्हाचें संशोधन चालतें तें उगीच नव्हे. त्र्यंबक, गोदावरी, तपोवन हे वाण तेथलेच.

द्राक्षाचें गणित अधिक नाजूक. रात्रीं गारठा व दुपारीं कडक ऊन पडलें कीं पाणी उतरलेला मणी तडकतो, नाहीं तर हिरवा मणी गुलाबी पडतो, आणि तो माल परदेशीं चालत नाहीं. मद्याच्या द्राक्षांत मात्र तोच रात्रीचा गारवा आंबटपणा टिकवून धरतो.

महसूल खात्यांत कारकून असतां अशा बागांचे पंचनामे मीं लिहिले आहेत. एके वर्षीं आम्ही गेलों त्या दिवशीं घड शाबूत होते. ‘नुकसान दिसत नाहीं’ असें मीं लिहिलें. आठ दिवसांनीं तोच गृहस्थ तडकलेला घड फडक्यांत बांधून कचेरींत आला. कागद तोंवर पुढें गेला होता. ती ओळ मला अजून टोंचते.

म्हणून बागेंत उष्णतामापक ठेवून रोजचा आंकडा तारखेसह वहींत टिपावा. पहांटे ठिबकानें विहिरीचें पाणी द्यावें; तें हवेहून ऊबदार असतें. बांधावर शेकोट्या करण्याची रीत आहेच, पण वारा सुटला कीं आपला धूर शेजाऱ्याची बाग राखतो!

दुसरी थंडी माणसानें केलेली. सकाळीं तोडलेला माल कांहीं तासांत चार अंशांपर्यंत निववून पुढें शून्याच्या आसपास ठेवला, तर तो युरोपापर्यंतचा कित्येक दिवसांचा समुद्रप्रवास सोसतो. ही सोय ज्याच्या हातीं नाहीं त्यास बांधावरच व्यापाऱ्याचा भाव घ्यावा लागतो. १९९१ सालीं महाग्रेप्स स्थापन झाली, ती बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं एकत्र येऊनच. ज्या गांवीं शीतगृह नाहीं, तेथील पांचदहा जणांनीं छाटणी होतांच कोणाचा किती माल कोणत्या आठवड्यांत निघेल ह्याची एक यादी करावी, आणि ती घेऊन जवळच्या शीतगृहाशीं माल तोडण्यापूर्वींच भाड्याचें बोलणें करावें.