कूलर घ्यायचाय? आधी खोली मोजा!

विदर्भातल्या उन्हाळ्याचे वर्णन विदर्भातल्या माणसाला काय सांगावे? होळी झाली की ऊन चढू लागते आणि मेअखेरच्या नवतपात तर टिनाखाली बसवत नाही. मग घरात विषय निघतो, "यंदा कूलर घेऊ या." आणि शेजाऱ्याच्यापेक्षा आपला थोडा मोठाच हवा, अशा हिशेबाने खरेदी होते. वाचकहो, बैलजोडी घेताना आपण आधी जमीन किती ते पाहतो. मग कूलर घेताना खोली किती, हे का पाहू नये?

कूलरचे काम साधे आहे. पंखा ओल्या ताट्यांतून बाहेरची कोरडी हवा ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि गार हवा आत येते. माठातले पाणी गार होते, तेही याच कारणाने. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत, तीच ही युक्ती.

आता हिशेब करू. ज्या खोलीत मुले आणि म्हातारी माणसे झोपतात, ती एकच खोली धरा. समजा, ती १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. तिघांचा गुणाकार १२०० घनफूट. दर दोन मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बदलावी, असा साधारण ठोकताळा आहे. म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा पुरे. कूलरवर हा आकडा बहुधा तासाच्या घनमीटरमध्ये लिहिलेला असतो. त्यासाठी ६०० ला १.७ ने गुणा. सुमारे १०२० येतात. वर टिनाचे छप्पर असेल तर सवाई धरा, म्हणजे पावणेतेराशे. दुकानदाराला टाकी किती लिटरची हे विचारण्याआधी हा आकडा विचारा. टाकी मोठी म्हणून हवा जास्त गार होत नाही. पाणी फक्त जास्त वेळ पुरते.

गरजेपेक्षा मोठा कूलर घेतला तर काय बिघडले? पैसे जातात, आणि पाणीही जाते. कडक कोरड्या उन्हात १००० घनमीटरचा कूलर तासाला पाच-सहा लिटर पाणी सहज पितो. आठ तासांत दोन-तीन हंडे झाले. दुप्पट मोठा कूलर चालवला तर हंडेही जवळपास दुप्पट. गावात नळ दिवसाआड येत असेल, तर हे हंडे कोणाच्या डोक्यावरून येणार? कारभाऱ्यांनी हा प्रश्न घरच्या बाईला आधी विचारावा आणि मगच बाजाराला जावे.

कूलर खिडकीत बसवा, म्हणजे तो बाहेरची हवा घेईल. समोरची खिडकी मात्र उघडी ठेवा. तिच्यापाशी पातळ फडका धरून पाहा. तो बाहेरच्या बाजूला फुगला पाहिजे. खोली बंद ठेवली तर ओल कोंडते आणि घाम वाळत नाही. पाऊस सुरू झाला की हवाच दमट असते, तेव्हा पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा. कोकणासारख्या दमट मुलखात कूलरचा फारसा उपयोग नाही, तोही याचमुळे.

शेवटी सर्वांत मोलाचे. पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज एकत्र आली की जिवाशी गाठ असते. पक्क्या अर्थिंगशिवाय कूलर लावू नका. गळती होताच वीज तोडणारा खटका घरात बसवून घ्या. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून पिनही काढा, आणि हे काम लहान मुलांना सांगू नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा व कोरडी होऊ द्या. डेंग्यूचे डास अशाच साठवणीत वाढतात.

फूटपट्टी, कागद आणि पेन्सिल घेऊन आज संध्याकाळीच खोली मोजा. शाळेत जाणाऱ्या लेकराकडून गुणाकार करून घ्या. त्याचाही अभ्यास होईल!