अविश्वास आधी की चौकशी आधी?

गटांच्या बैठका घेत फिरताना माण, आटपाडी आणि जत या तीन तालुक्यांत आमच्यापुढे सध्या एकच प्रश्न येतोय. गावात सरपंच एका पॅनेलची, थेट जनतेतून निवडून आलेली. सदस्यांत बहुमत मात्र दुसऱ्या पॅनेलचं. त्या पॅनेलचे कारभारी म्हणतात, अविश्वास आणायचा आहे, सही द्या. आणि ज्यांच्या सह्या हव्यात त्यांतल्या कितीतरी जणी आपल्याच बचत गटातल्या. त्या विचारतात, सही करू की नको?

असा पेच पूर्वी एवढा पडत नसे. सदस्यच आपल्यातून सरपंच निवडायचे, म्हणजे बहुमत ज्यांचं, सरपंच त्यांचाच. २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली ती रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. आता सरपंचाला सगळ्या गावाचं मत आणि सदस्याला आपापल्या वॉर्डाचं. दोघंही म्हणतात, आम्हाला लोकांनी निवडून दिलंय, आणि दोघांचंही खरं असतं.

म्हणून अविश्वासाची अट कायद्यानं कडक केली आहे. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतही नाही. सदस्यांनी तहसीलदारांना नोटीस द्यायची, त्यांनी सात दिवसांच्या आत सभा बोलवायची आणि ठरावाला तीन चतुर्थांश मतं पडायला हवीत. मतदानाचा हक्क असलेले बारा जण असतील तर नऊ. एवढ्यावरही भागत नाही. ज्या गावानं सरपंच निवडला, त्या गावाच्या ग्रामसभेनंही तो ठराव मान्य करावा लागतो.

पण यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे पुरावा. अविश्वासाला आरोप सिद्ध करावा लागत नाही. नोटिशीत बहुतेक वेळा ठरलेलं वाक्य असतं, ‘सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करतात.’ पाणी योजनेचे पैसे खाल्ले असोत किंवा नुसतं गटातटाचं वैर असो, वाक्य तेच. दिल्लीतही तसंच आहे. १९९९ साली वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मतानं पडलं, त्यासाठी कुणावर गुन्हा शाबीत करावा लागला नाही. मतं मोजली, संपलं. आपल्याकडे त्या मतांसाठी सदस्यांना ‘सहली’ला नेतात, हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको. बाई सदस्य असेल तर सहलीला ती जाते आणि ठरवतो तिचा नवरा, हेही सगळ्या गावाला माहीत असतं.

दुसरा रस्ता चौकशीचा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तो आहे. गैरवर्तन, कामात हयगय असे आरोप असतील तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, सरपंचाला नोटीस देऊन तिचं म्हणणं ऐकून घेतात, आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. सातारा-सांगलीसाठी ते पुण्याला बसतात. त्यांच्या निर्णयावर राज्य शासनाकडे अपील आहे. इथे डोकी मोजत नाहीत, कागद बघतात.

आपल्या राष्ट्रपतींसाठीही घटनेनं दुसराच रस्ता ठेवला आहे. घटनेचा भंग केला असा आरोप एका सभागृहानं ठेवायचा आणि चौकशी दुसऱ्या सभागृहानं करायची, दोन्हीकडे दोन तृतीयांश बहुमत लागतं. आजवर हे कलम एकदाही वापरावं लागलेलं नाही.

अमेरिकेत मात्र हा प्रसंग पुन्हापुन्हा येतो, कारण तिथेही राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्या पक्षाचं असं होतं. १९९८ साली क्लिंटन यांच्यावर महाभियोग आला, २०१९ साली ट्रम्प यांच्यावर, २०२१ साली परत ट्रम्प यांच्यावर. तिन्ही वेळा सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत आणि दोघंही सुटले. निक्सन यांचं मात्र वेगळं झालं. विरोधकांचं बहुमत असलेल्या सिनेटनं १९७३ साली आधी चौकशी समिती नेमली. साक्षी झाल्या, त्या लोकांनी घरोघरी टीव्हीवर पाहिल्या. कार्यालयातल्या बोलण्याच्या ध्वनिफिती असल्याचं बाहेर आलं आणि कोर्टानं त्या द्यायला लावल्या. मग त्यांच्याच पक्षाचे खासदार त्यांना सोडून गेले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला. महाभियोगाचं मतदान सभागृहात व्हायचंच राहिलं. पुराव्यानं विरुद्ध बाजूची माणसंसुद्धा हलली. तीन चतुर्थांश मतं लागणार असतील तर आपल्यालाही समोरच्या पॅनेलची माणसं लागतातच की.

म्हणून आमचं म्हणणं असं, की सही मागायला कुणी आलं तर त्याला आधी कागद मागा. गटाच्या अध्यक्षेवर शंका आली तर आपण काय करतो? पासबुक, रोखवही आणि ठराववही सगळ्यांसमोर उघडतो. मग ग्रामपंचायतीला वेगळा न्याय कशाला? तुम्ही सदस्य आहात, महिन्याला मासिक सभा व्हायलाच हवी, तिथे जमाखर्च मागा आणि तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. वित्त आयोगाच्या पैशातून कोणत्या कामावर किती खर्च टाकला ते ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाईलवर दिसतं. नववी-दहावीतल्या मुलीला सांगितलं तर ती पाच मिनिटांत काढून देईल. कागदावर गटार झालं असेल आणि गल्लीत नसेल, तर फोटो काढून ठेवा. एक विसरू नका, पैसे काढायला सरपंचाबरोबर ग्रामसेवकाचीही सही लागते (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). नुसत्या सरपंचबाईला उतरवलं तर दुसरी सही जागेवरच राहते.

सरपंच बाई असेल तर आणखी सावध राहावं लागतं. जळगाव जिल्ह्यात विचखेडा गावच्या महिला सरपंचाला सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहते म्हणून अपात्र ठरवलं होतं. आपण वेगळं भाड्यानं राहतो असं तिचं म्हणणं होतं. जिल्हाधिकारी, आयुक्त, हायकोर्ट, कुठेच तिला दाद मिळाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. एक बाई सरपंच झाली आणि तिचं ऐकावं लागणार, हे गावकऱ्यांना पचलं नाही, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे चौकशीच्या नावाखालीही अन्याय होऊ शकतो. ‘तिला काही कळत नाही’ हा काही आरोप नव्हे.

आता आटपाडीच्या एका ताईंनी आम्हाला टोकलं ते बरोबरच होतं. त्या म्हणाल्या, “चौकशी लावा म्हणणं सोपं आहे, फाईल फिरत राहते आणि मुदत संपून जाते.” होतं असं. म्हणून चौकशीचा अर्ज देऊन गप्प बसायचं नाही. महिला ग्रामसभेत विषय घ्यायचा, मग मोठ्या ग्रामसभेत तोच विषय परत घ्यायचा. सरपंच ग्रामसभाच घेत नसेल, हिशेब दाखवायला नकार देत असेल, किंवा कागदांतूनच अपहार दिसत असेल, तर अविश्वासावर सही करायला आम्ही नको म्हणणार नाही. उलट तेव्हा मागे हटणं चूक. पण ते कागद ग्रामसभेत वाचून दाखवता आले पाहिजेत, कारण ठरावाला गावाची मान्यता तिथेच मिळवायची आहे. तेव्हा पॅनेलचे कारभारी तुमच्यासाठी बोलणार नाहीत, तुम्हालाच उभं राहावं लागेल.

मासिक सभेत कागद मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही. कोणत्या कामाची, कोणत्या वर्षाची बिलं आणि मोजमाप हवं ते नेमकं लिहा, ‘सगळा कारभार’ असं लिहू नका. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. कागद आले की गटाच्या बैठकीला घेऊन या, आकडे वाचायला आम्ही तुमच्याबरोबर बसू.